वामनरावांच्या मोटारीवरचं एरियल

३ डिसेंबर १९६२, सोमवार
काहीतरी खोट आहे! ढाणकीचे वामनराव आज मोटार घेऊन थेट उमरखेडला, माझ्या दुकानासमोर. घरी एवढा मोठा रेडिओ — मीच दुरुस्त करतो. तरी म्हणतात, "भीमराज, मोटारीत रेडिओ बसवून दे. शॉर्टवेव्ह लागली पाहिजे. लांबची."
"घरी आहे ना? मग मोटारीत कायले?"
"तुले जमते का तेवढं सांग." जाताना हळूच — "कोणापाशी बोलू नको."
चीनशी लढाई थांबून दोन आठवडे झाले नाहीत. लांबची म्हणजे कुठली?

५ डिसेंबर
मोटार म्हणजे पत्र्याचा डबा, आत काही पकडत नाही. मागच्या बंपरला एरियल म्हणून पितळी नळी उभी केली, बुडाशी रबर. पत्र्याला टेकली की संपलं! इंजिन चालू केलं तर नुसती खरखर. ती दाबायला डायनामोला कंडेन्सर लावला, तरी थोडी उरलीच. म्हटलं, इंजिन बंद करूनच ऐका, आणि नळीपासून पंचवीस फूट वायर एखाद्या झाडाला बांधा.
"म्हणजे गावाबाहेर उभं राहा लागन?"
चक्क खूश झाले!

८ डिसेंबर
हंसा म्हणते, "तुमाले काय करा लागते? काम केलं, झालं." बायकोला बोलायला काय जातं! उद्या विचारतील, वायर कोणी लावली? धम्म घेऊन सहा वर्षं झाली, पण संशय आला की आमचीच घरं आधी दिसतात लोकांना.

९ डिसेंबर
सायकलनं ढाणकीच्या रस्त्यावर गेलतो. दिवेलागण. बाभळीखाली मोटार, वायर फांदीला. वामनराव एकटेच. मांडीवर वही, हातात पेन्सिल! आवाज ओळखला — चीनचा पेकिंग रेडिओ, हिंदीतून. ते भराभर लिहून घेत होते.

१० डिसेंबर
ठाण्यात सांगून आलो. माझं नाव येऊ देऊ नका, म्हटलं.

१३ डिसेंबर
वामनराव दुकानात आले. स्वतःच सांगितलं सगळं. रेडिओ पोलिसांनी नेला — मोटारीतल्या सेटचा परवाना नव्हता. वहीबद्दल विचारलं, तेव्हा बोलावंच लागलं. त्यांचा मुलगा दौलत फौजेत. 'बेपत्ता' म्हणून सरकारी कागद महिन्यापूर्वी आला. तो त्यांनी लपवला. दौलतच्या आईला, रुखमाबाईंना, कळू दिलं नाही. चीननं पकडलेल्या आपल्या शिपायांची नावं पेकिंगवरून सांगतात, म्हणून गावाबाहेर जाऊन ऐकायचे. एकेक नाव लिहायचे. आपला नाही तर कोणाचा तरी असेल!
पोलिसांशी बोलताना रुखमाबाई दाराआड होत्या. जागीच बसल्या. तीन दिवस पोटात अन्न नाही.
"कोणं सांगतलं असन रे, भीमराज?"
मी सोल्डरचा डाग देत राहिलो.

१४ डिसेंबर
दुकानाच्या सेटवर तेच स्टेशन लावलं. नाव नाही.

१५ डिसेंबर
आजही नाही. हंसाला सगळं सांगितलं.

१७ डिसेंबर
"सिपाही दौलत, पिता वामनराव, गाँव ढाणकी, जिला यवतमाल." पेकिंगचा निवेदक दोनदा म्हणाला! जिवंत आहे!
सायकल काढतो आहे. आधी हे सांगीन. मग ठाण्यात कोण गेलतं, ते.