थांबलेल्या सायकलचा दिवा

अण्णा, तुमचं कारंजं मी बंद पाडलं. गेल्या आठवड्यात नळाची जोडणी कापली, रंगीत दिव्यांच्या तारा काढून घेतल्या आणि टाकीतलं हिरवं पाणी उपसून गटारात सोडून दिलं. कामाचा हुकूम माझ्या सहीने निघाला. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होते. आता मी तुमच्याच रस्ते खात्यात, तुम्ही बसत होता त्याच मजल्यावर, वळणांची आणि चौकांची आखणी करते. आपल्या ओळखीतले लोक आईला म्हणतात, मुलीने बापाचं नाव राखलं. ते कसं राखलं हे तुम्हाला सविस्तर कळावं, म्हणून लिहायला बसले आहे.

सुरुवात मल्लेश्वरमच्या आपल्या स्वयंपाकघरापासून करायला हवी. तुमच्या थोरलीला, अक्काला, हेब्बाळच्या शेतकी प्रयोगशाळेत बियाणं तपासायची नोकरी लागली होती आणि तुम्ही तिच्यासाठी नवी सायकल आणली होती, डायनमो बसवलेली. तुम्ही ती सायकल स्वयंपाकघरात आणून उलटी उभी करता. आई पोळपाट बाजूला सरकवत म्हणते, "स्वयंपाक करू की सायकलींचं दुकान काढू?" तुम्ही म्हणता, "स्वल्प थांब गं, इथेच तेवढा अंधार होतो," आणि खिडकी लावून घेता. मग मला जवळ बोलावता. मागच्या टायरला टेकलेली ती डायनमोची लोखंडी बाटली दाखवता आणि म्हणता, "फिरव." मी पेडल फिरवते, पुढचा पांढरा दिवा लागतो, मागचा लाल लागतो, अक्का टाळ्या वाजवते. "आता चाक धर." मी धरते, दोन्ही दिवे विझतात. "का विझले?" तुम्ही विचारता. मी सांगते, चाक थांबलं म्हणून. तुम्हाला इतका आनंद होतो की तुम्ही माझ्या डोक्यावर टपली मारता. मग अक्काकडे वळून बजावता, "सायकल थांबली की तू अंधारात. थांबायचं झालं तर रस्ता सोडून कडेला उतरायचं, सरी?" अक्का मान डोलावून म्हणते, "सरी." इंजिनिअर व्हायचं मी त्या दुपारी ठरवलं. तो दिवस मी तुमच्याकडून काढून घेत नाही. उलट, तो मला फार उपयोगी पडला.

हेब्बाळच्या तळ्याच्या बांधावरून जाणारा रस्ता तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखत होता. मोरीपाशी तो अरुंद होऊन वळतो. समोरून बैलगाडी आली की सायकलस्वाराला थांबावंच लागतं. एका बाजूला तळ्याचा उतार, दुसऱ्या बाजूला मोरीचा कठडा. उतरायला कड नाही. दिवा तर एकही नव्हता. मात्र वळण संपलं की वडाखाली पोलीस उभे असत. "दीप एल्ली?", दिवा कुठे आहे, म्हणून ओरडत, बिनदिव्याच्या सायकली अडवत, चाकांची हवा सोडत आणि सगळ्यांना एका ओळीत उभं करत. मॅजिस्ट्रेटसाहेब गाडीतून येत, खुर्ची टाकून बसत आणि तिथल्या तिथे दंड करत. गवंडी, माळी, दूध घालणारे. अक्का घरी येऊन त्यांची नक्कल करायची: "स्वामी, रस्त्यावर सरकारचा दिवा नाही, त्याचा दंड कोण भरतो?" तुम्हीही हसायचात. त्या वर्षी सरकारने दंडातला एक हिस्सा रस्ते सुरक्षित करण्यासाठी खात्याला दिला आणि तो कुठे खर्च करायचा हे तुमच्यावर सोपवलं. तुम्ही जेवताना अक्काला सांगितलंत की पहिलं काम हेब्बाळच्या वळणाचं, तिथे खांब उभे राहणार. ती प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगून आली.

मग विधानसौधाकडे जाणाऱ्या वाटेवरच्या सर्कलमध्ये मंत्र्यांना कारंजं हवंसं वाटलं. बाहेरचे पाहुणे येणार होते. सर्कल हे वाहतुकीचं काम, म्हणजे सुरक्षेचंच, असा अर्थ तुम्ही लावून दिलात. जिथे आधीच रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिवे होते, तिथे लाल, निळं, पिवळं पाणी उडू लागलं, तेही अंधारात पकडलेल्या सायकलवाल्यांच्या पैशातून. उद्घाटनाला तुम्ही आम्हा दोघींना नेलंत. संगमरवरी फलकावर मंत्र्यांच्या खाली तुमचं नाव होतं. अक्का माझ्या कानात म्हणाली, "आपले खांब बघ कसे नाचतायत." तुम्ही ते ऐकलंत. तिच्याकडे न बघता म्हणालात, "पुढच्या वर्षी नक्की."

पुढच्या वर्षापर्यंत ती राहिली नाही. समोरून गाडी आली म्हणून ती मोरीपाशी थांबली आणि मागून आलेल्या लॉरीला दिसली नाही. तिच्याबरोबर काम करणाऱ्या बाई पाठीमागून चालत येत होत्या. लाल दिवा विझला आणि मग आवाज झाला, असं त्यांनी आईला सांगितलं. तेराव्यानंतर इन्स्पेक्टर आपल्या घरी आले. मी कॉफी घेऊन उभी होते. त्यांनी फार अदबीने विचारलं, "सर, सायकलला दिवा होता ना? सायकल पूर्ण चेपली आहे, आम्हाला काही कळत नाही." तुम्ही भिंतीकडे बघत होता. म्हणालात, "नाही. सायकलला दिवा नव्हता." मी म्हणाले, "अण्णा, होता." तुम्ही मान वळवलीत आणि इतकंच म्हणालात, "कॉफी ठेव आणि आत जा." मी कॉफी ठेवली आणि आत गेले. दिवा नव्हता म्हटल्यावर त्या बाईंना कुणी बोलावलं नाही, रस्त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही, खांबांचं काय झालं हेही विचारलं नाही. लॉरीवाला सुटला. चूक अक्काची ठरली. तुम्ही कामावर रुजू झालात आणि दोनच वर्षांत छातीत कळ येऊन गेलात. शोकसभेत सगळे त्या कारंज्याबद्दल बोलले.

तुमचं वाक्य तुमच्याबरोबर संपलं असतं तर कदाचित मीही गप्प बसले असते. पण ते पोलीस चौकीत राहिलं आणि चांगलं रुजलं. बड्या इंजिनिअरने स्वतःच्या मुलीबद्दल जे सांगितलं ते इतर कुणाबद्दल सांगायला कसली अडचण? त्या वळणावर नंतर जो कुणी सायकलवाला पडला, त्याच्या नावापुढे ‘दिवा नव्हता’ हेच कारण लागत गेलं. यंदा दंडाच्या पैशातला हिस्सा पुन्हा आमच्या खात्याला मिळाला. नियम असा की जिथे अपघाताला रस्ता कारण आहे तिथेच तो खर्च करायचा. मी हेब्बाळच्या वळणासाठी दिवे आणि रुंदीकरण सुचवलं. साहेबांनी, तुमच्या हाताखाली शिकलेल्या त्याच साहेबांनी, मला प्रेमाने बसवून घेतलं आणि म्हणाले, "नोडम्मा, हे बघ, कागदावर ते वळण निर्दोष आहे. तिथे दोष आहे तो सायकलवाल्यांचा. त्यापेक्षा आपण अण्णांचं कारंजं दुरुस्त करू. पंप जळालाय, डास झालेत. त्यांच्या नावाला शोभत नाही. आणि मुलीच्या हातून होईल, याहून चांगलं काय?"

पैसे कुठे घालायचे ते ठरवणाऱ्या बैठकीपर्यंतचा वेळ मी मागून घेतला. घरी आईला सांगितलं की मी तुमचं वाक्य सगळ्यांसमोर खोटं ठरवणार आहे. आई शेंगा सोलत होती. तुम्हाला माहीत नसेल, दर शनिवारी ती भजनातल्या बायकांना घेऊन त्या कारंज्यापाशी जाते, पंप जळाल्यावरही जायची. ती म्हणाली, "मेलेल्या माणसाला कुणी कोर्टात उभं करतं का गं?"

"अक्का मेलेलीच होती. तिला केलं होतं ना उभं?"

"त्यांनी खरं सांगून ती परत आली असती?"

"नाही."

"नोकरी गेली असती. तू कशावर शिकली असतीस? हे जे अकलेचे तारे तोडतेस ना, ते त्याच नोकरीच्या पगारावर आणि पेन्शनवर."

आईचं बरोबर होतं. बरोबर होतं म्हणूनच मला तुमचा राग आणखी आला. त्या वाक्याचा एक घास तुम्ही मलाही भरवला होता, मला न विचारता. आईने टरफलं सुपात गोळा केली आणि उठताना म्हणाली, "मला तिथे बोलावू नकोस म्हणजे झालं."

बैठकीच्या दिवशी मी माझी सायकल जिन्याने वर नेली. शिपायाने दारात अडवून म्हटलं, "मॅडम, खाली स्टँड आहे की." मी म्हटलं, ही पण बैठकीला आहे. आत साहेब होते, वाहतूक पोलिसांचे एक अधिकारी होते आणि अर्थ खात्याचे एक गृहस्थ होते. पोलीस अधिकारी सायकल बघून हसले. "मॅडम, दंड भरायला आलात? सायकलवाले म्हणजे आमची लक्ष्मी." मी पडदे ओढले. सायकल उलटी केली, पेडल हाताने फिरवलं. मागच्या दिव्याचा लाल ठिपका भिंतीवर पडला. मग मी टायरवर हात ठेवला आणि खोलीत अंधार झाला. त्या वळणावर गाडी समोरून आली की प्रत्येकाला थांबावं लागतं, हे मी नकाशावर दाखवलं. थांबला की दिवा जातो. पोलीस अधिकाऱ्यांना म्हटलं, ज्यांचा दिवा नव्हता असं तुम्ही म्हणता, त्यातल्या किती जणांचा असा गेला असेल, हे तुम्हाला सांगता येणार नाही, मलाही नाही. पण रस्त्यावर दिवा असता तर हा प्रश्नच आला नसता.

पोलीस अधिकारी जरा चिडून म्हणाले, "डायनमोचं हे सगळ्यांनाच माहीत आहे, मॅडम."

"हो. माझ्या वडिलांनाही माहीत होतं," मी म्हणाले. "मला त्यांनीच शिकवलं. माझ्या बहिणीच्या सायकलला त्यांनीच दिवा बसवला होता. तिथे खांब उभे करायचे पैसे त्यांनी कारंज्यात घातले आणि ते उघड होऊ नये म्हणून इन्स्पेक्टरना खोटं सांगितलं. मी समोर उभी होते."

हे मी सावकाश बोलले. आदल्या दिवशी आरशासमोर बोलून पाहिलं होतं, आवाज चढू नये म्हणून. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग साहेब कन्नडमध्ये, जवळजवळ स्वतःशीच म्हणाले, "त्या खांबांचा नकाशा मी काढला होता." त्यांनी इतकी वर्षं काय गिळलं होतं ते मी विचारलं नाही. माझा हिशेब त्यांच्याशी नव्हता. अर्थ खात्याच्या गृहस्थांनी मला ते सगळं लेखी मागितलं. मी दिलं. तुमचं नाव, हुद्दा, नातं, सगळं पूर्ण लिहिलं, कुठेही आडवळण घेतलं नाही. दंडाचा हिस्सा हेब्बाळला गेला.

कारंज्याचं काय करायचं, हा प्रश्न मग उरला. काहींना ते पाडून टाकायचं होतं. मी मोजमाप घेतलं आणि खरं तेच लिहिलं: सर्कलची आखणी उत्तम आहे, वळणाची त्रिज्या अचूक आहे, वाहतुकीला अडथळा नाही, पाडण्याचं कारण नाही. तुम्ही चांगले इंजिनिअर होता, आणि ते मी तुमच्यासारखं लपवलं नाही. फक्त पाणी आणि वीज कापली. सरकारी पैशातून त्यावर पुन्हा खर्च होऊ नये असा शेरा मारला. साहेबांनी दबक्या आवाजात सुचवलं की फलक तरी काढून आईकडे देऊ. मी नको म्हणाले. फलक जागेवरच राहिला पाहिजे. येणाऱ्या-जाणाऱ्याला कोरडी टाकी दिसावी आणि तिच्याखाली तुमचं नाव स्वच्छ वाचता यावं, म्हणून मी तो घासूनही घेतला.

गेल्या शनिवारी आई बायकांना घेऊन तिथे गेली नाही. घरातच बसून राहिली, माझ्याशी बोलली नाही, पण जेवायला वाढलं. तिला झालेलं दुःख मी तुमच्या खात्यावर टाकते. माझ्या नाही.

हे कागद पाकिटात घालायचे नाहीत, हे लिहायला बसतानाच ठरलेलं होतं. तुम्ही वाचाल अशी माझी समजूत नाही आणि तुमची माफी मला नको आहे. मला पश्चात्तापही झालेला नाही, ते शोधत बसू नका. एवढंच की बैठकीत बोलायला उभी राहिले तेव्हा मी आधी दाराकडे पाहिलं. ते बंद आहे ना, तुम्ही आत येत नाही ना, याची खात्री करून घेतली, आणि मगच तोंड उघडलं.