पाचवी सही

१ जानेवारी १९६८
नवे वर्ष, नवी डायरी. जंगल खात्यातून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाल्यावर दोन वर्षे पेपर वाचण्यात गेली. आता नगर सुधार समितीवर मेंबर म्हणून नेमणूक झाली आहे. बालाघाटला माझा उपयोग झालाच पाहिजे. संकल्प एक: एकही मीटिंग चुकवायची नाही. संकल्प दोन: चहा बंद.

४ जानेवारी
समितीची नियमपुस्तिका आणली. सुरेख नियम आहेत. मेंबर नऊ. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी चार वाजता मीटिंग. आल्याबरोबर रजिस्टरात सही. कोरम पाचाचा. साडेचारपर्यंत पाच सह्या झाल्या नाहीत तर मीटिंग रद्द. जो गप्प बसेल तो ठरावाच्या बाजूचा धरला जाईल. आशालताला वाचून दाखवले. ती म्हणाली, हा शेवटचा नियम तुम्हाला पाहूनच लिहिला का? दुर्लक्ष केले. चहा घेतला. थंडी फार आहे.

१३ जानेवारी
लीलाबाई दाई आली होती. आमची साधना हिच्याच हातावर जन्मली. त्या दिवशी ही धावत आली नसती तर आज आशालताही नसती अन् साधनाही नसती.
तिचे घर मोटार स्टँडच्या वळणावर. लांजीच्या मोटारी वळायला रस्ता रुंद व्हायचा आहे, आणि नकाशावरची लाल रेघ नेमकी तिच्या चुलीवरून जाते. बदल्यात नाल्यापलीकडे जागा. पावसाळ्यात तिथे म्हशी पोहतात. समोरच्या बाजूला एक रिकामे गोदाम आहे, रेघ तिकडे सहज सरकेल. गोदाम दुलीचंदजींचे. दुलीचंदजी आमचे अध्यक्ष.
म्हणाली, "भाऊ, म्या अन् आमच्या घरच्यायनं पायानं माती तुडवून भिंती उभ्या केल्या. तुमी तिथं बसता. तुमी सांगा ना त्यायले."
शब्द दिला. छातीवर हात ठेवून दिला. आशालता दारातून पाहत होती.

२७ जानेवारी, सायं. ६
संताप! मेंबर आले चार! साडेचारला मीटिंग रद्द. चार पानी भाषण खिशातल्या खिशात चुरगळले. सेक्रेटरी मोतीलाल ओव्हरसिअर, त्याला म्हटले, गैरहजर मेंबरांची नावे बाहेर फळ्यावर लावा. हसला. अशा बेफिकीर लोकांमुळे त्या बिचारीचे काम अडले आहे.

११ फेब्रुवारी
लीलाबाई शेवग्याच्या शेंगा देऊन गेली. अंगणातल्या झाडाच्या. ठराव झाला नाही म्हणून खुशीत होती. "तुमीच रोकला ना, भाऊ?" तिने विचारले. मी हसलो. हसणे म्हणजे हो म्हणणे नव्हे.
आमटी घशाखाली उतरत नव्हती. तरी दोन वाट्या घेतल्या.

२४ फेब्रुवारी
आठ मेंबर! आमचा विषय चौथा. पहिल्या तीन विषयांत नाल्या, दिवे आणि मोकाट जनावरे. तिसऱ्यानंतर चहा असतो. दुलीचंदजींनी स्वतः समोशांची बशी पुढे केली. म्हणाले, गुणाकरजी, आप आते हैं तो मीटिंग की शोभा बढ़ती है. तेवढ्यात चौथा विषय निघाला. तोंडात समोसा असताना सभ्य माणूस बोलणार कसा? शिवाय हिंदीत बोलावे की इंग्रजीत, हेही ठरले नव्हते. शेवटी तेंदूपत्त्याचे ठेकेदार प्रेमलालजी उठले. जागा पाहिल्याशिवाय ठराव नको म्हणाले. दोघेतिघे त्यांच्या बाजूने बोलले. विषय मार्चवर गेला.
माझे सगळे मुद्दे त्यांनीच वापरून टाकले. आता ताजे काढावे लागतील.

१० मार्च
हल्ली बाजारात नाल्याकडून जातो. मैलभर जास्त पडते, पण व्यायाम होतो. आशालता म्हणाली, व्यायाम नाही, तुम्ही लीलाबाईचं घर टाळता. डॉक्टरांनीच चालायला सांगितले आहे.
डॉक्टरांनी काही सांगितलेले नाही. तिच्या दारावरून जायची लाज वाटते.

२८ मार्च
प्रेमलालजी भेटले. ३१ तारखेच्या आत ठराव झाला नाही तर योजना भोपाळला परत जाते, म्हणजे संपलीच. म्हणून शनिवारची मीटिंग शेवटची. मग हळूच म्हणाले, "शनिवार को धूप बहुत रहेगी, गुणाकरजी. हम चारों तो नहीं जा रहे. आप भी घर पर आराम कीजिए."
आराम! इतके दिवस तोंडाने बोलले आणि ऐन वेळी पळ काढतात. उलट मला शिकवतात. जितके लोक घरी बसतील तितके माझे जाणे जास्त गरजेचे.

२९ मार्च, पाडवा
कडुनिंब चावून संकल्प: उद्या बोलायचे. हिंदीत. भाषण सातदा पाठ केले. साधनाने ऐकून टाळ्या वाजवल्या.

३० मार्च, सायं. ५.१५
सायकल वाटेत पंक्चर. ढकलत, पळत, घामाघूम होऊन ४ वाजून २८ मिनिटांनी पोहोचलो. आत मेंबर चौघेच. मोतीलाल रजिस्टर मिटत होता. मला पाहून दुलीचंदजी उठले आणि त्यांनी मला मिठी मारली. अध्यक्षांनी! सही केली. पूर्ण नाव, तारीख, वेळ.
विषय एकच. किसी को कुछ कहना है? मी उठलो. पहिले वाक्य आठवत होते. घसा खाकरला. दुलीचंदजींनी पाण्याचा ग्लास पुढे केला. पाणी प्यालो. पाणी पिऊन झाल्यावर बसलो.
"सर्वसम्मति से पारित." एकूण चार मिनिटे.

त्याच दिवशी, ६ वाजता
आशालताने विचारले, किती जण आलते? पाच म्हटले. तिने विचारले, तुम्ही धरून? हो म्हटले. ती उठली. आत जाऊन नियमपुस्तिका घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवली.
कोरमचा नियम मला पाठ आहे. तरी उघडून वाचला.

२१ एप्रिल
लीलाबाई आली. घर काल पाडले. झाडही तोडले. शेवटच्या शेंगा घेऊन आली होती. आशालताने तिला बसवले, पण तिच्याकडे मान वर करून पाहिले नाही.
म्हणाली, "मले मालूम झालं, भाऊ. बाकीच्यायनं तर तोंड नाही दाखवलं. तुमी एकटेच माह्यासाठी धावत गेलते. सायकल ढकलत."
आता तरी सांगायचे होते. पहिले वाक्यही तयार होते. घसा खाकरला.
ती म्हणाली, "खोकला लय दिवसाचा दिसते. अडुळशाचा पाला उकळून घ्या." मग उठता उठता म्हणाली, "माह्या भिंतीपाशीच होता, भाऊ."