हिरवे ठिपके

३ मार्च
पियानो जाणार. हिनंच ठरवलं. शाळेची माणसं तीस तारखेला न्यायला येतील. "वाजवणारी गेली. आता कशाला अडगळ?" एवढंच म्हणाली आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

लेकीला जाऊन आठ महिने झाले. ती वाजवायची, ही गायची, मी हात जोडून बसायचो. आता ही संध्याकाळच्या प्रार्थनेला बसते, पण गात नाही. ओठसुद्धा हलत नाहीत.

देवाकडे फार काही मागत नाही. पण पियानो जाण्याआधी ती प्रार्थना या घरात एकदा गायली जावी. कुणी तरी वाजवलं तर ही गाईल. मीच शिकतो.

५ मार्च
बँडवाला दुकानात कोट सैल करून घ्यायला आला. भीतभीत पियानोचं विचारलं. नोटेशन मला वाचता येत नाही. गावच्या शाळेत पेटीसुद्धा लांबूनच पाहिलेली. तो हसला. "मास्तर, नोटेशन कशाला? एक पट्टी दाबा, एक सोडा, एक दाबा, एक सोडा, एक दाबा. तिन्ही एकदम. झाला कॉर्ड! काजं करता ना, तसं सारखं अंतर."

घरी येऊन पाहिलं. पांढऱ्या पट्ट्यांवर लेकीनं कागदी ठिपके चिकटवलेत. तीन लाल, तीन पिवळे, तीन निळे. प्रत्येक रंगात तेच अंतर! शेजारच्या मुलांना शिकवायची, त्यांच्यासाठी असतील.

९ मार्च
बोटं ऐकत नाहीत. सुईला सरावलेली ती. करंगळीनं तर जन्मात काम केलेलं नाही. मी बसलो की ही गच्चीवर निघून जाते.

१४ मार्च
लाल, पिवळा, लाल, निळा, लाल — पहिल्या दोन ओळी बसल्या!

१५ मार्च
तिसरी बसत नाही. कुठलाही रंग लावा, शिवण ओढल्यासारखी वाटते. बँडवाला म्हणाला, इथे चौथा कॉर्ड हवा, जरा उदास असतो. एकेक पट्टी सरकत शोधा.

२१ मार्च
सापडला. डोळ्यांत पाणी आलं.

२२ मार्च
विसरू नये म्हणून तिथेही ठिपके लावावेत म्हटलं. पियानोच्या बैठकीखालचा खण उघडला. लेकीच्या वह्यांवर ठिपक्यांचा कागद होता. लाल, पिवळे, निळे संपलेले. हिरवे तीन तसेच.

कागद घेऊन गच्चीवर गेलो. कुठल्या मुलाचे राहिले, विचारलं. ही बराच वेळ दोरीवरचे चिमटे काढत राहिली.

"माझे," म्हणाली. "तुम्ही दुकानात गेलात की शिकवायची मला. तुमच्या पन्नाशीला मी वाजवणार होते. हिरवे उद्या लावू, म्हणाली. दुसऱ्या दिवशी ताप चढला तिला."

चौथा कॉर्ड मला सापडलाय, असं म्हणणार होतो. त्याऐवजी चिमटे धरायला ओंजळ पुढे केली.

२९ मार्च
हिरवे ठिपके खणातच आहेत. रोज जरासा वाजवून उठतो. झाकण उघडंच ठेवतो.

३० मार्च
शाळेची माणसं आली, तेव्हा ही पियानोपाशी बसलेली होती. उठली नाही. लाल, पिवळा, लाल, निळा, लाल. तिसऱ्या ओळीला हिनं हात उचलले आणि ती ओळ नुसती गायली. मी त्यांना परत पाठवलं.