मर्यादेपलीकडची दोन प्रकरणं

वसतिगृह, ३ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आधी खाली बस, मग वाच. आणि बाबांना इतक्यात काही सांगू नकोस.

वकीलबाईंना मी पुस्तकं वाचून दाखवते, हे तुला ठाऊक आहेच. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहेत, पण वाद असा घालतात की हे नाव मीच ठेवलं. त्यांना दिसत नाही, म्हणून कॉलेज मला वाचनाचे पैसे देतं. पण मला जी शिक्षणासाठी मदत मिळते, तिची अट अशी की वर्षाला ठरावीक रकमेपर्यंतच कमवायचं. वर गेलं तर मदत बंद होऊ शकते. मार्चमध्येच मी काठावर आले होते. त्यांची परीक्षा तोंडावर, पुस्तकाची दोन प्रकरणं वाचायची राहिलेली. मी वाचत राहिले, कारकुनानं नेहमीसारखे तास लावले आणि मर्यादा ओलांडली गेली.

काल मदत कार्यालयाच्या साहेबांचा निरोप आला, सोमवारी भेटा. शेजारच्या खोलीतली मुलगी याच कारणानं गादी गुंडाळून घरी गेली. जिन्यात पावलं वाजली तरी वाटतं, मलाच न्यायला आले. बाबांचा हात यंत्रात गेल्यापासून घर तुझ्या पगारावर चालतं. त्यात मी परत आले तर? वाटतं, तास चुकून जास्त लागले असं सांगून मोकळं व्हावं. काय करू?

तुझ्या मायेच्या भरवशावर असलेली,
चिमणी

५ एप्रिल

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र उभ्यानंच वाचलं. बाळंतिणींच्या वॉर्डात आम्हा नर्सना बसायला सवड कुठली! तुझं म्हणजे भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तरी खोटं कशाला बोलू, मीही घाबरले.

तास चुकून लागले म्हणालीस, तर तो बिचारा कारकून अडकेल आणि तू जन्मभर जिन्यातली पावलं ऐकत बसशील. वाचलं ते वाचलं म्हण. माझ्याकडे रोज एखादी तरी म्हणते, आज नको, उद्या बघू. तिला सांगते तेच तुला सांगते, कळा सुरू झाल्यावर घरी जाता येत नसतं. श्वास घे आणि पुढे हो.

बाबांना मी सांगणार नाही. ते तू सांगायचंस.

इथे तुझ्यात जीव अडकलाय, लवकर कळव.
मावशी

वसतिगृह, ११ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आधी बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, जाताना केस नीट विंचर.

साहेबांनी विचारलं की मर्यादा माहीत असून काम का चालू ठेवलं. मी कसंबसं म्हणाले, दोन प्रकरणं राहिली होती. साहेबांनी माझे कागद पुन्हा चाळले. शेवटी म्हणाले की मदत चालू राहील, पण जास्तीची कमाई पुढच्या सत्राच्या मदतीतून कापली जाईल आणि नवीन शैक्षणिक वर्षापर्यंत पगारी काम बंद. पुढचं सत्र कसं निघणार, या विचारानं अजून झोप लागत नाही.

काल हे सांगायला वकीलबाईंकडे गेले. त्यांच्या दारात आवाजच फुटेना. त्यांना काय कळायचं ते कळलं. त्यांनी मला बसवलं, म्हणाल्या की आज तू ऐक, आणि ती दोन्ही प्रकरणं तोंडपाठ म्हणून दाखवली. वाचताना मी अडखळले होते तिथे त्याही अडखळल्या, मी चुकीचे उच्चारलेले शब्द तसेच चुकीचे उच्चारले. मावशी, आठ दिवसांनी मी हसले.

असाच जीव लावत राहा.
तुझी,
चिमणी