भावी फादरांनी सुचवलेलं पुस्तक

५ जून

चि. मुंगळ्यास,
अ. उ. आ.

पत्र पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर तू नुसतं हो हो करतोस आणि तेवढ्यात मागून कोणीतरी तुला हाक मारतं. कागदावर तरी तुला माझं पुरतं ऐकून घ्यावं लागेल. पत्रास कारण की मी खड्ड्यात पडले आहे, आणि रिवाजाप्रमाणे तो मीच खणलेला आहे.

आमच्या चर्चच्या वाचकमंडळाची मी प्रमुख आहे, हे तुला ठाऊक आहे. का आहे, ते ठाऊक नसेल. फादरांना वाटतं, जिने उभी हयात इस्पितळाच्या औषधांच्या काउंटरवर डॉक्टरांचं अक्षर वाचलं, ती जगातलं काहीही वाचू शकेल. तुला म्हणून सांगते, चौथ्या पानाला माझी मान खाली जाते. गेल्या वेळचं पुस्तक मी पाठीमागच्या मजकुरावर निभावून नेलं. चर्चेत कोणी खोलात शिरायला लागलं की मी चहा आणायला उठायची. त्या दिवशी मंडळींनी पोट फुटेस्तोवर चहा प्यायला आणि जाताना चर्चा फार छान झाली म्हणाले.

आता पुढचं पुस्तक निवडायचंय. आमचे हेडमास्तर निवृत्त होऊन युगं लोटली, तरी त्यांच्यासमोर आम्ही सगळे अजून बाकावर बसल्यासारखे बसतो. ते एका संताचं चरित्र धरून बसलेत. तीन खंड. मी चाळून पाहिलं, पहिला खंड संपला तरी संताला अजून दात यायचेत. बेकरीवाल्या बाईंना खुनाची गोष्ट हवी. मरणारा माणूस बिशप असल्यामुळे ते पुस्तक धार्मिकच आहे, असं त्यांचं म्हणणं. फादर दोघांकडे बघून गालातल्या गालात हसले आणि निर्णय माझ्या गळ्यात बांधून मोकळे झाले.

तू इतकी वर्षं फादर व्हायला सेमिनरीत पुस्तकं घासलीस, त्याचा मावशीला काहीतरी उपयोग होऊ दे. लहानसं, देवाला धरून असलेलं आणि झोप न आणणारं एखादं पुस्तक सुचव.

तुझी आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, ती कुरकुरत नाही. तुझा विषय काढला की मात्र तिला गॅसवर ठेवलेलं काहीतरी आठवतं आणि ती उठून जाते.

जेवणाची आबाळ करू नकोस. माझा लोभ आहेच, तुझाही थोडा इकडे वळू दे.

तुझी,
मावशी

---

१४ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र लिफ्टच्या टपावर बसून वाचलं. हसताना हातातला पाना खाली पडला आणि मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. त्या तुझ्या खात्यावर.

माझं बरं चाललंय. माणसांना वर नेण्याचं काम मी सोडलेलं नाही, एवढं तुझ्या समाधानासाठी. फक्त आता सातव्या मजल्यापर्यंतच नेतो. परवा एक काकू दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्या. मी वरून त्यांना धीर देत होतो. घाबरू नका, अंधार कायमचा नसतो, वगैरे. त्या खालून ओरडल्या की आवाज छान आहे, पण आधी मोटर बघा. सेमिनरीत असा परखड श्रोता मिळाला असता तर माझं बरंच काही लवकर उरकलं असतं.

आता पुस्तक. एक कादंबरी आहे, शववाहिकेच्या ड्रायव्हरची. रोज कोणाला ना कोणाला चर्चच्या दारापर्यंत पोचवतो, पण स्वतः आत पाऊल टाकत नाही, गाडीपाशी उभा राहतो. बस, एवढीच गोष्ट आहे. पण मी ती दोनदा वाचली, आणि दुसऱ्यांदा वाचताना माझा थांबा चुकला. बारीकशी आहे, अक्षर मोठं आहे. एक सावधगिरीची सूचना: ही पाठीमागच्या मजकुरावर निभणार नाही, कारण पाठीमागे नुसता लेखकाचा फोटो आहे. आणि तोही झोपल्यासारखा दिसतो.

आईला नमस्कार सांग. गॅसवर काही नसेल तेव्हा.

तुझ्या चहाच्या धोरणाचा चाहता,
मुंगळा

---

३० जून

चि. मुंगळ्यास,
अ. उ. आ.

तुझं पुस्तक एकमताने पास झालं. आमच्या मंडळात याआधी एकमत फक्त पंखा लावण्यावर झालं होतं.

ते कसं झालं, ते सांगायला जीभ अडखळते. मी एवढंच म्हटलं की माझ्या भाच्याने सुचवलंय. लगेच हेडमास्तर उठून उभे राहिले. म्हणाले, भावी फादरांनी सुचवलेलं पुस्तक असेल तर माझा संत थांबेल, त्याला थांबायची सवय आहे. मग सर्वांसमोर त्यांनी सांगितलं की तू सेमिनरीत गेलास तेव्हापासून तुझ्या गुरुदीक्षेसाठी, तू फादर व्हावास म्हणून, ते रोज संध्याकाळी माळ घेऊन एक रोझरी म्हणतात, तापात सुद्धा चुकवलेली नाही. मला चहा आणायला उठावंसं वाटलं, पण चहा आधीच देऊन झाला होता.

मुंगळ्या, तू सेमिनरी सोडलीस हे मी त्यांना सांगितलेलं नाही. खोटंही बोललेले नाही. वर्षभरात कोणी विचारलं, भाचा कसा आहे, तर मी म्हणते, चाललंय वर-खाली. हे शब्दशः खरं आहे. वकील झाले असते तर नाव काढलं असतं.

आता त्यांचा हट्ट आहे की जुलैच्या शेवटच्या रविवारी तूच येऊन चर्चा चालवावीस. मी नाही म्हणायच्या आत फादरांनी तारीख फळ्यावर लिहिली सुद्धा. तेव्हा असं कर, ये. पांढरा शर्ट घाल. कितव्या वर्षाला आहेस असं कोणी विचारलंच, तर मी मध्ये चहा घेऊन येते. एका दुपारचा तर प्रश्न आहे. म्हातारे लोक आहेत, खूश होतील, आणि माझं नाक कापलं जाणार नाही.

येशील ना? राग आला तर पत्र संपल्यावर यावा.

तुझी,
मावशी

---

७ जुलै

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. मी येणार नाही.

सेमिनरी सोडली तेव्हा मी रेक्टरांसमोर बसून खरं सांगितलं. बिशपांना सांगितलं. मग घरी येऊन आईला सांगितलं. ती आतल्या खोलीत गेली, तिने दार लावून घेतलं, आणि मी बॅग उचलून निघालो. एवढं सगळं झाल्यावर तुझ्या हॉलमध्ये पांढरा शर्ट घालून बसायचं, म्हणजे तो सगळा खरेपणा परत घडी घालून कपाटात ठेवायचा. ते मला जमणार नाही.

मला वाटायचं, घरात एक तरी माणूस असं आहे की ज्याला माझी लाज वाटत नाही. ते माणूस माझी लाज इतक्या विनोदाने झाकतं, हे मला माहीत नव्हतं.

राग नाही. पुस्तक मात्र वाच.

मुंगळा

---

२१ जुलै

चि. मुंगळ्यास,
अ. उ. आ.

पुस्तक वाचलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मध्ये न झोपता. फादरांनी हे ऐकलं तर चमत्कार म्हणून वर कळवतील.

ज्या मेलेल्या माणसामागे कोणीच नसतं, त्याच्यासाठी तो ड्रायव्हर गाडीच्या काचा वर करून आपल्या फाटक्या आवाजात स्तोत्र म्हणतो, तिथे मी चष्मा काढला. एक पाद्री येऊन त्याला आत चल म्हणतो, तेव्हा तो म्हणतो, मग गाडीपाशी कोण थांबणार. मला वाटलं, माझ्या भाच्याला मी दाराबाहेर उभं केलं, आणि वर त्याला सांगितलं की शर्ट पांढरा घाल.

काल मंडळाला सांगून टाकलं. आरशासमोर भाषण तयार केलं होतं. त्यात देवाची इच्छा, तरुणांचे मार्ग असं बरंच काही होतं. उभी राहिले आणि तोंडातून निघालं की माझा भाचा फादर होणार नाही, तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि चांगल्या करतो. मग खाली बसले. खुर्ची थोडी डावीकडे होती, त्यामुळे जमिनीवर बसले.

मला उठवताना बेकरीवाल्या बाई कानात म्हणाल्या की त्यांना वर्षापासून माहीत आहे. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझी आई पाव घ्यायला गेली होती, आणि सवयीने तुझ्या वाटणीचाही मागून बसली. मग काउंटरला धरून रडली. बाईंनी हे आजवर कोणाला सांगितलं नाही. मुंगळ्या, ताई रडली हे मला, तिच्या सख्ख्या बहिणीला, माहीत नव्हतं. फादरांनाही सगळं ठाऊक होतं. मी म्हटलं, मग मला जरा ढकलायचं तरी. ते म्हणाले, वाचकमंडळात चर्चा आपणहून सुरू व्हावी लागते.

फक्त हेडमास्तरांना माहीत नव्हतं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, कधीपासून. मी सांगितलं. म्हणाले, म्हणजे वर्षभर मी संध्याकाळी कोणासाठी बसत होतो? आणि निघून गेले. मी इतकी टिंगल करते त्यांची, पण त्यांची ती पाठ बघवली नाही.

आज सकाळी दारात उभे होते. आत आले नाहीत. म्हणाले, संध्याकाळी हात माळेकडे जातो आणि काय मागायचं ते कळत नाही, तर आता या मुलासाठी मी नेमकं काय मागू? मी म्हटलं, मला विचारू नका, माझ्यावर विश्वास ठेवून तुमचं एक वर्ष गेलं. त्यालाच विचारा.

तेव्हा रविवारी ये. कसलाही शर्ट घाल. नाही आलास तरी मी समजेन, पण समजूतदार म्हातारी होण्याची मला हौस नाही. माझ्यावरचा लोभ उडाला असेल तर हप्त्याहप्त्याने परत कर.

तुझी,
मावशी

---

२ ऑगस्ट

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. रविवारी दारात तू मला बघून जी ओरडलीस त्याने माझा डावा कान अजून बंद आहे.

मी चर्चा चालवली असं तू सगळ्यांना सांगशील, म्हणून नोंद करून ठेवतो की मी पहिली दहा मिनिटं घाम पुसत होतो आणि पुढे हेडमास्तरांनी माझी तोंडी परीक्षा घेतली. ड्रायव्हर आत जात नाही हा त्याचा अहंकार आहे, असं त्यांचं मत. मी म्हटलं, भीती आहे. त्यांनी मला दहापैकी सहा दिले. बेकरीवाल्या बाईंनी त्यांना विचारलं की तुम्हाला किती द्यायचे, तेव्हा कुठे ते हसले.

तुला न दिसलेलं सांगतो. बस थांब्यापर्यंत ते माझ्याबरोबर चालत आले. सारा रस्ता लिफ्टची दोरी तुटली तर काय होतं हे विचारत होते. मी समजावलं की ती एकटी नसते, बऱ्याच असतात, आणि सगळ्या तुटल्या तरी खाली ब्रेक पकडतो. बस दिसल्यावर त्यांनी एकदम विचारलं, मग तुझ्यासाठी काय मागू. मी म्हटलं, मलाच ठाऊक नाही सर, तेव्हा मला ते ठाऊक व्हावं एवढंच मागा. ते म्हणाले, उत्तर मोघम आहे, पण चालेल. बस सुटली तेव्हा त्यांचा हात खिशातल्या माळेकडे गेला होता.

घरी जाऊन आलो. आईने वाढलं. न विचारता दोनदा वाढलं. बोलली एवढंच, की बाहेर ऊन आहे, जरा थांबून जा. मी थांबलो. ऊन उतरलं, मग निघालो. यापेक्षा जास्त मागितलं तर तो लोभीपणा होईल.

मंडळाने आता बिशपचा खून निवडलाय असं ऐकतो. तुला झोप येणार नाही, चहा कमी लागेल. मी खुनी कोण ते सांगणार नाही. तू विचारशीलच.

लोभाचा पहिला हप्ता पोचता केला आहे, बाकीचे येतील.

तुझा,
मुंगळा

---

१९ ऑगस्ट

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या मावशीने ते पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं आणि विसरून गेल्याचं सोंग केलं. तिला सोंग जमत नाही. वाचलं.

मला आवडलं नाही. भाषा बरी आहे, गाडीचं वर्णनही बरं आहे. पण त्या ड्रायव्हरची आई अख्ख्या पुस्तकात एकदाच येते, आणि तीही दार लावून घ्यायला. पुढे तिच्यावर एक ओळ नाही. लेखकाला वाटलं असेल, दार लागलं म्हणजे तिचं संपलं. तसं नसतं. दार लावल्यावर ती तिथेच पाठ टेकून उभी होती. जिन्यावर त्याची पावलं वाजत होती तोवर उभी होती. एका ठिकाणी ती पावलं थांबली, तेव्हा तिने कडीला हात सुद्धा लावला. मग ती पुन्हा वाजायला लागली. हे सगळं तो माणूस लिहायचं विसरला, आणि तुम्ही सगळे एवढे शिकलेले, कोणाच्याच लक्षात आलं नाही.

पुढच्या वेळी मी मंडळात येणार आहे आणि हे बोलणार आहे. पुस्तक दुसरं असलं तरी बोलणार आहे.

तू शनिवारी आलास तरी चालेल. रविवारपर्यंत वाट बघायला हवी, असं काही नाही.

तुझी,
आई