डाव्या सीटचा ब्रेक

३ नोव्हेंबर, सकाळी
आजपासून नवीन आयुष्य. अंबरनाथची कंपनी बंद पडली ते बरंच झालं. हितेशच्या ड्रायव्हिंग क्लासमध्ये इन्स्ट्रक्टरची जागा आहे. महिनाभर ट्रेनिंग, मग ट्रायल, मग तो माझी फाइल सर्टिफिकेटला पाठवणार. कागदावर माझ्यासारखा माणूस सापडणार नाही. दहावी पास, आयटीआय मोटर मेकॅनिक, लायसन्स बावीस वर्षं जुनं. एकही अपघात नाही. (लायसन्स एजंटने काढून दिलेलं, आयडी प्रूफला. गाडी चालवायचा योग आला नाही. पण अपघात नाही तो नाहीच.)

४ नोव्हेंबर
हितेशने मैदानात गाडी दिली. तिसऱ्या गिअरची गरज वाटली नाही. तो म्हणाला, प्रमोददादा, जरा पळवा की. मी म्हटलं, वेग हाच माणसाचा शत्रू. त्याने घड्याळ बघितलं. इम्प्रेस झाला असावा.
छाती धडधडते. अ‍ॅसिडिटी. उद्यापासून चहा बंद.

७ नोव्हेंबर
डाव्या सीटवर बसायला सुरुवात. तिथे इन्स्ट्रक्टरला वेगळा ब्रेक असतो. ज्याने शोधला त्याचं भलं होवो. शिकाऊ आहे विनिता, बदलापूरला बँकेत असते. भयंकर भित्री. भर मार्केटात एक रिक्षावाला असा घुसला, मी ब्रेकवर उभाच राहिलो. विनिता म्हणाली, सर, तो लांब होता अजून. नवख्यांना अंतर कळत नाही.
चहा दोनदा झाला.

१२ नोव्हेंबर
विठ्ठलवाडी डेपोसमोर एसटी वळली. मी डोळे मिटले. इंजिनचा आवाज नीट ऐकायचा होता. ‘आई गं’ म्हणून कोण किंचाळलं कळलं नाही. विनिता म्हणते, तुम्हीच.
संध्याकाळी हितेशचा फोन. ब्रेकची वाट लागली दादा, पाय आवरा.
संकल्प : उद्यापासून सीटवर मांडी घालून बसायचं.

१३ नोव्हेंबर
मांडी जमत नाही. बेल्ट आडवा येतो.

१९ नोव्हेंबर
रात्री बायकोने, यशोधराने, विचारलं, नोकरी पक्की ना? कारखान्यातून आणलेल्या जीन्सचे सुटे धागे कापत होती. सध्या घर तिच्या या कामावरच चाललंय. म्हटलं, पक्की म्हणजे काय, झालीच. तिने पुढची जीन्स ओढली. मला जेवण गेलं नाही. भाजीत तेल जास्त होतं.

२४ नोव्हेंबर
विनिता हल्ली मलाच सांगते, सर, श्वास घ्या. याला म्हणतात विद्यार्थ्याचा कॉन्फिडन्स वाढवणं.

२८ नोव्हेंबर
ट्रायल. बदलापूरचा फ्लायओव्हर. हितेश बाइकवर मागून बघत होता. ऐन चढावर ट्रॅफिक थांबलं. आमची गाडी किंचित मागे सरकली. मागे सिमेंटचा मिक्सर, केवढा तरी. पायाला ब्रेक सापडेना. मग मी दार उघडलं आणि उतरलो. गाडी चालू, शिकाऊ आत, इन्स्ट्रक्टर बाहेर.
मिक्सर थांबवायला उतरलो होतो. फक्त मिक्सर मागे होता आणि मी पुढे पळालो.
विनिताने हाफ क्लचवर गाडी काढली, पूल उतरली, कडेला लावली आणि माझी वाट बघत बसली.

२९ नोव्हेंबर
हितेश म्हणाला, सर्टिफिकेट विसरा. वर म्हणाला, विनिताची भीती मात्र कायमची गेली. तेव्हा फार घाबरणारे शिकाऊ आले की मागच्या सीटवर बसाल का? तुमच्याकडे बघून त्यांना धीर येईल.
विचार करून सांगतो म्हटलं. सीनियर सल्लागार असं काही पद मागावं का?

३० नोव्हेंबर
यशोधराला पद सांगायला गेलो आणि तोंडातून भलतंच निघालं. मला गाडीची भीती वाटते गं. फार वाटते.
वाटलं, हादरेल. तिने धाग्यातून मान वर काढली नाही. म्हणाली, माहितीये की. अहो, लग्न झाल्यापासून रस्ता क्रॉस करताना माझा हात गच्च धरता.
मला वाटायचं, मी तिला नेतोय.