डावा खांदा अर्धा इंच खाली

२६ एप्रिल
पांढरं, पांढरं, नुसतं पांढरं. बुद्धपौर्णिमेला विहारात नवा ब्लाउज हवा हे सगळ्या जणींना एकदमच आठवतं. सतरा घेतलेत शिवायला. लेकीला, तेजूला, ह्यांनी येवल्याला आत्याकडे धाडलं. परीक्षा संपलीय, जाऊ दे म्हणे. मला विचारलं नाही. विचारतात कधी?

१ मे
तेजूचा फोन लागत नाही. नणंद म्हणते, "चार्जर बिघडलाय." चार दिवस?

५ मे
बारावीचा निकाल लागला. तेजूला अडुसष्ट टक्के! तिला नर्सिंगला घालायचं, हे मी तीन वर्षं मशीन चालवता चालवता घोकतेय. ह्यांना सांगितलं. म्हणाले, "बघू." ह्यांचं 'बघू' म्हणजे आधीच ठरलेलं असतं.

६ मे
ह्यांनी मापाची चिठ्ठी दिली. येवल्याकडची कोणी मुलगी, रविवारी लग्न, नवरीचा पांढरा ब्लाउज लगेच शिवून दे. बरं, अठरावा. कापड पसरलं, खडू घेतला. छाती बत्तीस, कंबर सव्वीस. खाली ह्यांच्याच अक्षरात— डावा खांदा अर्धा इंच खाली.

लहानपणी तेजू झोक्यावरून पडली, तेव्हापासून तिचा डावा खांदा तसाच आहे. तिचा एकूण एक ड्रेस मी तसा कापलाय. फोनवरून सांगितलेलं माप ह्यांनी उतरवून घेतलं आणि त्यावरून मी लेक ओळखेन हे बापाला कळलंसुद्धा नाही.

"कोणाचं लग्न?" विचारलं. म्हणाले, "मुलगा चांगलाय. ताईने बघितलाय. अठरा झालीत ना तिला? तू नाहीच म्हणाली असतीस."

माझ्याच लेकीचा लग्नाचा ब्लाउज माझ्याकडूनच, मला न सांगता. शिलाई वाचते ना!

ह्या घरात गॅस येतो, फी जाते ती माझ्या शिलाईवर. पण मशीन घेतली तेव्हा पावती ह्यांच्या नावावर. मीच म्हणाले होते, घरातलंच तर आहे. काय ती माझी अक्कल. आता म्हणतात, "येवल्याला गेलीस तर मशीनला हात लावायचा नाही."

रडूही येत नाही. भीती वाटते. मशीन गेली तर नर्सिंगची फी कशावर भरू? आणि नाही गेले तर फी कोणाची भरायची?

७ मे
पहिल्या गाडीने गेले. दार तेजूनेच उघडलं. नेसत्या कपड्यांनिशी निघाली. आता परतीच्या एसटीत शेजारी बसलीय.

म्हणाली, "आत्या म्हणत होती, खांद्याचं कशाला सांगतेस, पदराखाली कोण बघतंय? मी म्हटलं, शिवणारीला लागतं."